विकलेला हिरा परत घेण्याची वाटही तुम्हीच आखून द्या

प्रति,
अध्यक्ष व पदाधिकारी,
सिब्जो (जागतिक जवाहीर महासंघ) आणि हिरे बाजारांचा जागतिक महासंघ

विषय: परदेश प्रवासात घेतलेला, चुकीची प्रत सांगून विकलेला हिऱ्याचा दागिना सुरक्षितपणे परत करण्याची सोय

महोदय,

स.न.वि.वि.

मी रत्नपरीक्षक आहे. परदेशात फिरून आलेली माणसं तिकडे घेतलेला दागिना माझ्याकडे तपासायला आणतात. कुणाला विमा उतरवायचा असतो, कुणाला नुसती खात्री हवी असते. बरेच दागिने कागदावर लिहिल्याप्रमाणेच निघतात, हे आधी सांगते. काही मात्र निघत नाहीत. खड्यात काय खोट आहे हे सांगणं माझ्या हातात असतं. पण त्यानंतर समोरचा माणूस विचारतो, "मग हे आता परत कसं करायचं?" आणि त्याचं धड उत्तर मला देता येत नाही, कारण तुमच्या व्यापाराने ते अजून तयारच केलेलं नाही. म्हणून हे पत्र.

चुकीची प्रत, म्हणजे चुकीची ग्रेड, म्हणजे काय ते आधी स्पष्ट करते, नाहीतर वाद भलतीकडे जाईल. रंगाची डी (रंगहीन) ते झेड (पिवळसर) ही पट्टी आणि निर्मळतेच्या पायऱ्या ही जीआयए या अमेरिकी रत्नसंस्थेने १९५०च्या दशकात बसवलेली पद्धत आज जगभर चालते. या पायऱ्या माणसाच्या डोळ्यांनी ठरतात. रंगासाठी खडा उपडा ठेवायचा, ठरलेल्या उजेडात नमुन्याच्या खड्यांशेजारी लावून पाहायचा. निर्मळता दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ठरवायची. त्यामुळे दोन जाणत्या परीक्षकांमध्ये एका पायरीचा फरक पडू शकतो. तेवढ्यासाठी कुणी दागिना परत घ्यावा असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार दोन-तीन, कधी चार पायऱ्यांच्या फरकाबद्दल आहे. तो नजरेचा फरक नसतो. अशा दागिन्यासोबत एक तर सैल हाताने ग्रेड देणाऱ्या प्रयोगशाळेचा कागद असतो, नाहीतर दुकानाने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र.

तुम्हाला हे नवीन नाही. ऑक्टोबर २०१४ पासून रॅपनेट या हिरे व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन बाजाराने ईजीएल नावाच्या ग्रेडिंग प्रयोगशाळांची प्रमाणपत्रं आपल्या यादीवर घेणं बंद केलं, ते नेमकं याच कारणावरून. अक्षरं तीच, पट्टी तीच, पण ग्रेड वाजवीपेक्षा वरची दिली जाते, असा आक्षेप होता. व्यापाऱ्यांनी व्यापाऱ्यांना सावध केलं आणि ते योग्यच केलं. सहलीच्या शेवटच्या दिवशी, विमानाला काही तास उरले असताना काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र कुणी सावध केलं नाही. त्यानंतर २०२० साली सुट्या घडीव हिऱ्यांच्या ग्रेडिंगसाठी आयएसओ २४०१६ हे मानकही आलं. तेव्हा प्रत कशी ठरवावी, हा आता वादाचा मुद्दा नाही. चुकीची ठरलेली प्रत निस्तरायची कशी आणि कुणी, एवढाच प्रश्न उरतो.

एक अंगठी सांगते. पिवळ्या सोन्यात सहा प्रॉंगमध्ये (खडा धरणाऱ्या धातूच्या नख्यांमध्ये) बसवलेला गोल खडा. सोबत दुकानाचं लॅमिनेट केलेलं कार्ड: रंग जी, निर्मळता व्हीएस-१. वरून पाहिला तर खडा छान पांढरा दिसत होता. भिंगाखाली धरून थोडा कलवला, तर एका प्रॉंगच्या आडून पिसासारखी चीर बाहेर डोकावत होती आणि टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, बरोबर खाली पांढुरका ढग पसरला होता. बाजूने पाहिल्यावर पिवळी छटा उघड झाली, आणि ती सगळीच सोन्याची नव्हती. व्हीएस-१ म्हणजे दहापट भिंगाखाली सराईत नजरेलाही शोधावे लागतील इतके बारीक दोष. इथे शोधायला काहीच नव्हतं. पहिल्याच नजरेत सगळं समोर होतं.

तरीही मी त्या बाईंना लेखी ग्रेड दिली नाही, प्रामाणिकपणे देता येणारच नव्हती. कोंदणातल्या खड्याच्या कडा झाकलेल्या असतात, धातूचा रंग खड्यात उतरतो, वजनसुद्धा मापांवरून अंदाजाने काढावं लागतं: गोल खड्यासाठी मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१. मोठ्या प्रयोगशाळा पूर्ण ग्रेडिंग अहवाल सुट्या खड्यालाच देतात, त्याचं कारण हेच. म्हणजे दुकानाचा दावा खोटा ठरवायचा तर खडा काढायला हवा. बाईंनी दुकानाला लिहिलं. उत्तर अगदी सभ्य आलं: दागिना घेऊन या, आमचे तज्ज्ञ बघतील. दुकान दुसऱ्या देशात, आणि तज्ज्ञ तेच, ज्यांनी कार्ड छापलं होतं.

शेवटी खडा काढून प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवाल आला: रंग के, निर्मळता एसआय-२, म्हणजे रंगात चार आणि निर्मळतेत तीन पायऱ्या खाली. तो दुकानाला पाठवल्यावर उत्तराचा सूर बदलला. दागिन्यात छेडछाड झाली आहे, आणि हा खडा आमचाच कशावरून?

इथे मला दुकानदाराचीही बाजू मांडायची आहे. खडे बदलण्याचे प्रकार होतात आणि त्याची भीती खरी असते. पण खडा न काढावा तर पुरावा नाही, आणि काढावा तर पुराव्याला किंमत नाही, अशी कोंडी गिऱ्हाइकाने एकट्याने का सोसायची? ती फोडायची साधनं तुमच्याच हातात आहेत. खडा कोंदणात बसवण्याआधी तो सुटाच असतो. त्याच वेळी त्याचं वजन कॅरटच्या शंभराव्या भागापर्यंत, व्यास आणि उंची मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नोंदवता येते, सूक्ष्मदर्शकातून आतल्या दोषांचा फोटो काढता येतो, गर्डलवर (खड्याच्या कडेच्या पट्ट्यावर) लेसरने क्रमांक कोरता येतो. आतले दोष ही त्या खड्याची कायमची ओळख असते. ही नोंद विकतानाच गिऱ्हाइकाच्या हातात पडली, तर नंतर कुठल्याही देशातला परीक्षक हा तोच खडा आहे का हे सांगू शकेल. दुकानदाराचं संरक्षणही त्यातच आहे.

तोवर माझ्याकडे येणाऱ्यांना मी जे सांगते ते इथेही नोंदवते. दागिन्याला हात लावण्याआधी दुकानाला लेखी कळवा आणि स्वतंत्र तपासणीसाठी खडा काढायला त्यांची लेखी संमती मागा. उत्तर आलं नाही, तर विचारल्याचा पुरावा तरी उरतो. खडा काढण्याआधी कोंदणासकट फोटो, मापं आणि व्हिडिओ घ्या, आणि काढताना स्वतः समोर थांबा. अंगठीचं माप बदलू नका, पॉलिश करू नका, नाव कोरू नका. कारागिराला ज्योतीचा टॉर्च लावू देऊ नका, कारण खड्यातली चीर काचेसारख्या द्रव्याने भरलेली असेल तर उष्णतेने ते भरण बिघडतं आणि मग दोष कुणाचा हा नवाच वाद उभा राहतो. अशी भरलेली चीर निघाली किंवा हिरा प्रयोगशाळेत बनवलेला निघाला, तर तो ग्रेडच्या पायऱ्यांचा प्रश्नच राहत नाही. न सांगता तो विकणंच चूक आहे. आयएसओ १८३२३ हे मानक २०१५ पासून हेच सांगतं आणि तुमच्या ब्लू बुकची, म्हणजे सिब्जोच्या नियमपुस्तकांचीही, तीच शिकवण आहे.

आता मूळ मुद्दा.

माल परत करणं ही तुमच्या व्यापारातली रोजची गोष्ट आहे. खडा जांगडावर, म्हणजे पसंतीसाठी विश्वासाने, मेमो नावाच्या चिठ्ठीसह जातो, समोरचा व्यापारी आपल्या उजेडात, आपल्या भिंगाखाली बघतो, पसंत पडला नाही तर परत पाठवतो. दोन देशांत, दोन खंडांत हे चालतं आणि त्याबद्दल कुणी कुणावर संशय घेत नाही, कारण मेमोवर वजन, प्रत, मुदत आणि जबाबदारी लिहिलेली असते. वाद झालाच, तर हिरे बाजारांची स्वतःची लवाद व्यवस्था आहे. हिरे बाजारांचा जागतिक महासंघ १९४७ साली स्थापन झाला, आणि दोन देशांतल्या सदस्यांमधला तंटा वर्षानुवर्षं कोर्टात न कुजता सुटावा ही सोय त्याच्या सदस्यांना मिळते. सिब्जोची मुळं तर १९२६पर्यंत जातात. म्हणजे हिरा सीमेपलीकडून सुखरूप परत कसा आणायचा, हे या जगात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. एवढं सगळं जाणणाऱ्या व्यापाराने शेवटच्या गिऱ्हाइकाला, ज्याच्या पैशावर ही सगळी साखळी उभी आहे, त्यालाच या वाटेवरून बाहेर ठेवलं आहे. माझा राग आहे तो यावर.

पाठवणीचंच बघा. तुमचा एक सुटा खडासुद्धा मलका-अमित किंवा ब्रिंक्ससारख्या मौल्यवान मालाच्या खास वाहतूकदारांकडून, पूर्ण विम्यासह जातो. प्रवाशाला मात्र दुकान सांगतं, "कुरियरने पाठवा." बऱ्याच कुरियर कंपन्या दागिने घेतच नाहीत, किंवा घेतले तरी भरपाईची मर्यादा इतकी कमी ठेवतात की अंगठी हरवली तर हातात जवळपास काही येत नाही. फॉर्मवर लिहिलेलं घोषित मूल्य म्हणजे विमा नव्हे, हेही लोकांना पार्सल हरवल्यावर कळतं. टपालाने पाठवायचं तर जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार जडजवाहीर सहसा विमा उतरवलेल्या पाकिटातूनच जायला हवं, आणि प्रत्येक देश ते स्वीकारतोच असं नाही.

टपालावर विश्वास ठेवता येत नाही असा याचा अर्थ नाही. १९५८च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी ४५.५२ कॅरटचा प्रसिद्ध होप हिरा स्मिथसोनियन संग्रहालयाला दिला, तो चक्क रजिस्टर टपालाने, तपकिरी कागदात गुंडाळून. एकूण खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट, त्यातलं टपाल हशील अडीच डॉलरच्याही आत. बाकी सगळा दहा लाख डॉलरच्या विम्याचा. म्हणजे त्या खर्चात हिरा नेण्याची रक्कम नगण्य होती, मोल होतं ते हाताळणाऱ्या प्रत्येकाच्या नोंदीला आणि विम्याला. चुकीची प्रत सांगून विकलेला दागिना परत येताना हेच पैसे कुणी भरायचे, याचं उत्तर मला तरी एकच दिसतं: ज्याने प्रत सांगितली त्याने.

आणखी एक बारीक गोष्ट, पण महत्त्वाची. परतीच्या पार्सलवर पत्ता असतो अमुक ज्वेलर्स किंवा तमुक डायमंड्सचा. वाटेतल्या प्रत्येक हाताला आत काय आहे ते वाचता येतं. परतीच्या मालासाठी जिथून दागिन्याचा वास येणार नाही असं साधं नाव आणि पत्ता द्यायला दुकानाला काहीच खर्च येत नाही.

काही जण दागिना स्वतः घेऊन जायचं ठरवतात. त्यांना मी एकच सांगते: तो विमानात चेक-इन सामानात टाकू नका. मॉन्ट्रियल कराराखाली हरवलेल्या सामानाची भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंतच (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, आणि त्यातही दागिन्यांवरून विमान कंपन्या हुज्जत घालतात. निघण्याआधी सीमाशुल्क खात्याकडे दागिन्याची नोंद करून घ्या, म्हणजे वाद न मिटता तो परत आणावा लागला तर त्यावर पुन्हा शुल्क बसणार नाही.

सीमाशुल्क हा या सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग, आणि दुकानं गिऱ्हाइकाला सगळ्यात वाईट सल्ला देतात तो इथेच. "भेटवस्तू लिहा, किंमत कमी टाका, म्हणजे आम्हाला शुल्क पडणार नाही." असे निरोप मी माझ्या डोळ्यांनी वाचले आहेत. हा गुन्हा आहे, आणि त्यात अडकतो तो पाठवणारा. शिवाय पार्सल गहाळ झालं तर विमा कंपनी फॉर्मवरची किंमतच धरते. मूळ पावती, सीमाशुल्काचा फॉर्म आणि विम्याचा कागद, तिन्हींवर एकच रक्कम हवी आणि वस्तूसमोर स्पष्ट लिहिलेलं हवं: प्रत वर्णनाप्रमाणे नसल्याने विक्रेत्याकडे परत. खोटं लिहिण्याची गरजही नसते. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये, बाहेर गेलेला माल तीन वर्षांच्या आत त्याच अवस्थेत परत आला तर आयात शुल्कातून सूट मागता येते. पण ती मिळवायला निर्यातीचा पुरावा लागतो, आणि प्रवाशाने निघताना परत घेतलेल्या खरेदीवरच्या कराचा हिशेबही पुन्हा उघडतो. हे कागद कसे जुळवायचे ते दुकानाच्या हिशेबनिसाला माहीत असतं. दुसऱ्या देशात घरी बसलेल्या माणसाला ते कुठून कळणार?

मुदतीचंही तसंच. दुकानात जाऊन, बघून केलेल्या खरेदीला बहुतेक ठिकाणी मन बदललं म्हणून परत करण्याचा हक्क नसतो; युरोपात सगळे ज्या चौदा दिवसांबद्दल बोलतात, ते ऑनलाइन किंवा दुकानाबाहेर झालेल्या खरेदीसाठी आहेत. पण वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर गोष्ट वेगळी. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात अशी वस्तू तीस दिवसांत सरळ नाकारता येते. युरोपीय संघाच्या २०१९/७७१ या निर्देशात दोन वर्षांची जबाबदारी विक्रेत्यावर आहे, आणि करार रद्द झाला तर वस्तू परत पाठवण्याचा खर्चही त्याच्यावर आहे. तेव्हा मी मागते आहे ते काही जगावेगळं नाही. पण तीस दिवसांत माणूस सहल संपवून घरी येईपर्यंत, खडा काढून प्रयोगशाळेत पाठवून अहवाल हाती येईपर्यंत किती दिवस उरतात? कार्डाने पैसे दिले असतील तर वर्णनाप्रमाणे वस्तू नाही म्हणून बँकेकडे तक्रार करता येते, पण तिलाही मुदत असते आणि बँक विचारते की वस्तू परत केली का, निदान परत करायचा प्रयत्न केला का. म्हणून दुकानाशी गोड बोलणी चालू असतानाही बँकेला लवकर कळवा, असं मी प्रत्येकाला बजावते. सीमेपलीकडच्या तक्रारींसाठी ईकन्झ्युमर डॉट गव्ह हे संकेतस्थळ आहे, तिथे जरूर नोंद करावी. पण तिथून गिऱ्हाइकाचे पैसे कुणी वसूल करून देत नाही.

पैसे परत मिळाले तरी पूर्ण मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. दुकान क्रेडिट नोट देऊ करतं, पुढच्या खेपेला वापरा म्हणतं. पुन्हा कधी त्या देशात जाणार नाही अशा माणसाला ती काय कामाची? रोख परतावा मिळाला तर विनिमय दराचा फरक, कार्डाचं परदेशी शुल्क, प्रयोगशाळेची फी, पाठवणी आणि विमा, हे सगळं गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं.

तुमच्याकडे ब्लू बुक आहेत, अनेक देशांत सदस्य संघटना आहेत, लवाद आहेत. तुम्ही नियम केलात तर त्याला वजन येईल. परदेशी प्रवाशाला विकलेल्या हिऱ्याच्या प्रत्येक दागिन्याच्या पावतीवर तुमच्या सदस्यांनी पुढील मजकूर छापावा, अशी माझी मागणी आहे. कायद्याच्या भाषेत तो तुम्ही बसवून घ्या, आशय मात्र पातळ करू नका:

"या दागिन्यातील खड्याची रंगाची व निर्मळतेची प्रत, वजन, मापं आणि ओळखचित्र सोबत दिले आहे. खरेदीपासून सहा महिन्यांत ग्राहकाने लेखी कळवल्यास, दोघांना मान्य असलेल्या स्वतंत्र प्रयोगशाळेत खड्याची तपासणी होईल. त्यासाठी खडा कोंदणातून काढणे ही छेडछाड मानली जाणार नाही. रंगात किंवा निर्मळतेत एकाहून अधिक पायऱ्यांचा फरक आढळल्यास विक्रेता आपल्या खर्चाने व आपल्या विम्यावर दागिना परत नेईल, सीमाशुल्काची कागदपत्रे स्वतः पूर्ण करील आणि मूळ चलनात, मूळ मार्गाने पूर्ण रक्कम तपासणीच्या खर्चासह परत करील. वाद उरल्यास तो विक्रेत्याच्या संघटनेच्या लवादापुढे, ग्राहकाने प्रत्यक्ष हजर न राहता, मांडता येईल."

तपासणीत खडा कागदाप्रमाणेच निघाला तर सगळा खर्च गिऱ्हाइकाने सोसावा, हेही त्यात घाला. ते न्याय्य आहे, आणि उगाच तक्रार करणारे त्याने आपोआप थांबतील. जे दुकानदार आज चोख माल विकतात, त्यांना या मजकुरात घाबरण्यासारखं काही नाही. उलट शेजारचा सैल ग्रेडचा खडा दाखवून त्यांचं गिऱ्हाईक पळवतो, तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे काहीतरी असेल.

हा मजकूर पावतीच्या पुढच्या बाजूला, बाकीच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत आणि गिऱ्हाईक वाचू शकेल अशा भाषेत छापावा. तुमच्या पुढच्या वार्षिक बैठकीत तो चर्चेला घ्याल का आणि कोणत्या मुद्द्यावर तुमची हरकत आहे, हे कृपया जाहीरपणे कळवावं.

आपली,
एक रत्नपरीक्षक